चाकणमध्ये पहिली नोकरी शोधताय? 'फ्रेशर चालेल' या दोन शब्दांमागे काय काय दडलेलं असतं

चाकण एमआयडीसी. नामांकित कंपनीत भरती. फ्रेशर चालेल. शिक्षण दहावी ते ग्रॅज्युएट. बस-कँटीन फ्री. आजच जॉइनिंग.

अशा अर्थाचा मेसेज पुणे जिल्ह्यातल्याच नाही, तर बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्यातल्या कुठल्याही पदवीधराच्या मोबाइलवर आठवड्यातून दोनदा तरी येतो. मेसेजमध्ये बसचं, जेवणाचं, जॉइनिंगचं सगळं असतं. नसते ती एकच गोष्ट. तुमचा पगार कोण देणार?

आणखी एक खूण त्यातच असते. शिक्षण 'दहावी ते ग्रॅज्युएट' असं लिहिलं असेल तर त्या कामात पदवीला काडीची किंमत नाही, हे समजून घ्यायचं. काम वाईट आहे असं नाही. पण तीन वर्षं बीकॉम केलेल्या मुलीला आणि दहावी झालेल्या मुलाला तिथे एकाच लाइनवर एकच काम आणि एकच पगार मिळणार, एवढा त्याचा सरळ अर्थ.

चाकणला जाण्याआधी ही भाषा वाचता आली, तर पुढचे सहा-आठ महिने वाया जाण्यापासून वाचतात.

नोकऱ्या आहेत, मग पदवीधर रिकामा का?

चाकण एकेकाळी ओळखलं जायचं ते संग्रामदुर्ग किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी. बजाज ऑटोचा कारखाना इथे 1999 मध्ये सुरू झाला. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, पाठोपाठ महिंद्रा. शेजारच्या तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता, तो आता ह्युंदाईकडे गेलाय. गाडी बनवणारी एक मोठी कंपनी आली की तिच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग लागते. त्या पुरवठादारांना माल देणारे छोटे कारखाने, त्यांना जॉबवर्क करून देणारी भोसरी-तळवड्यातली वर्कशॉप्स, अशी ही उतरंड महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, वासुलीपर्यंत पसरलेली आहे.

या उतरंडीला सर्वात जास्त हात लागतात ते मशीनवर आणि असेंब्ली लाइनवर. तिथे आयटीआय झालेला मुलगा पहिली पसंती. त्याच्या वर सुपरवायझर, क्वालिटी, मेंटेनन्स. तिथे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगवाले. साध्या बीए, बीएस्सी, बीकॉमची जागा या चित्रात पटकन दिसत नाही. लाइनवर अर्ज केला तर एचआर म्हणतो, 'तुमचं शिक्षण जास्त झालंय, तुम्ही टिकणार नाही.' ऑफिसच्या कामाला अर्ज केला तर म्हणतो, 'अनुभव नाही.' दोन्हीकडून मार.

पण दोन्ही उत्तरांमागची भीती एकच असते. नव्या माणसाला काम शिकवायला दोन-तीन महिने जातात आणि तो शिकून तयार झाला की हजार-दोन हजार जास्त देणाऱ्या शेजारच्या कंपनीत जातो. अनुभव मागणं हा या भीतीवरचा सोपा उपाय. म्हणजे कंपनीला खरं तर दोन गोष्टी बघायच्या असतात. हा माणूस आठ-नऊ तासांची शिफ्ट, चाकण चौकातली वाहतूक कोंडी आणि पहिल्या महिन्याचा कंटाळा सहन करून टिकेल का? आणि याला शिकवायला किती वेळ जाईल? अनुभव नसतानाही या दोन प्रश्नांची उत्तरं देता येतात. कशी, ते पुढे येईलच.

आधी विचारा, मी कुणाच्या रोलवर?

चाकणमध्ये एकाच गेटमधून आत जाणारी, एकाच रंगाचा युनिफॉर्म घातलेली चार मुलं चार वेगवेगळ्या नात्यांनी तिथे असू शकतात.

पहिला कंपनीच्या रोलवर. नियुक्तिपत्र कंपनीचं, पगार कंपनीचा. इंजिनिअरिंगच्या मुलांना 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी', म्हणजे जीईटी, म्हणून घेतात तो हाच दरवाजा. पण मोठ्या कंपन्या या जागा बहुतेक कॉलेज कॅम्पसमधूनच भरतात.

दुसरा कंत्राटदाराच्या रोलवर, ज्याला सगळे 'थर्ड पार्टी' म्हणतात. काम कंपनीत, पगार कंत्राटदाराकडून. तिसरा अप्रेंटिस. आणि चौथा नुसताच 'ट्रेनी', ज्याच्या हातातल्या कागदावर कुठल्या कायद्याचं किंवा योजनेचं नावच नसतं. काही वर्षांपूर्वी इथे 'नीम ट्रेनी' हा प्रकार फार होता. नाव बदललं तरी सहा-सात महिन्यांचा ट्रेनी, मग ब्रेक, मग दुसऱ्या कंपनीत पुन्हा ट्रेनी हे चक्र अजून फिरतंच आहे.

सहा-सात महिनेच का? जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात 240 दिवस काम झालं की कामगाराला काही संरक्षणं लागू होत. 240 दिवस म्हणजे साधारण आठ महिने. त्याआधीच थांबवायची रीत पडली, ती पडलीच.

थर्ड पार्टीचं काम घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. अनेकांची सुरुवात तिथूनच होते आणि घरी पैसे पाठवायचे असतील तर वाट बघत बसणं परवडत नाही. पण ते घेताना एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. तुमच्या पीएफच्या नोंदीत नाव येणार ते कंत्राटदाराचं, त्या मोठ्या कंपनीचं नाही. पुढच्या मुलाखतीत 'मी अमुक कंपनीत होतो' असं सांगितलं आणि नोंदीत तिसरंच नाव निघालं, की खरं बोलणारा माणूसही खोटा ठरतो. बायोडेटात सरळ लिहावं. अमुक कंत्राटदारामार्फत, अमुक कंपनीच्या अमुक विभागात, इतके महिने. यात कमीपणा काहीच नाही, चाकणमधल्या प्रत्येक एचआरला ही व्यवस्था पाठ असते.

खोट्या अनुभवपत्राचा धंदाही याच कारणाने फसतो. पीएफचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच राहतो. कुठे कधी लागलात, कधी सोडलं, सगळं त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत असतं. दोन वर्षांच्या अनुभवाचा कागद आणि रिकामा यूएएन हे जुळत नाही, आणि नोकरी लागल्यावरही त्यावरून काढून टाकता येतं.

अप्रेंटिसशिप: अनुभव नाही, हीच जिथे पात्रता

पदवीधरांमध्ये एक पक्का समज आहे. अप्रेंटिसशिप म्हणजे आयटीआयवाल्यांचं काम. 1961 चा अप्रेंटिस कायदा आला तेव्हा ते बरंचसं खरं होतं. पण 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि इंजिनिअरिंग सोडून इतर पदवीधरांनाही तो दरवाजा उघडला. आज बीए, बीकॉम, बीएस्सी झालेला मुलगा किंवा मुलगी अकाउंट्स, स्टोअर, एचआर, लॉजिस्टिक्समध्ये अप्रेंटिस म्हणून लागू शकते.

कंपनी त्यांना का घेते? कारण तिला घ्यावंच लागतं. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस ठेवणं बंधनकारक आहे. चाकणमधला मध्यम आकाराचा सुट्या भागांचा कारखानाही यात येतो. म्हणजे 'तुमच्याकडे व्हेकन्सी आहे का' असं विचारण्याऐवजी 'तुमच्याकडे पदवीधर अप्रेंटिसची जागा आहे का' असं विचारलं, तर संभाषण वेगळ्याच वाटेने जातं.

पदवी आणि डिप्लोमावाल्यांची योजना आहे नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना. महाराष्ट्राचं काम मुंबईचं अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ बघतं. नोंदणी पोर्टलवर होते आणि मोफत असते. कालावधी साधारण एक वर्ष. आधी कधी अप्रेंटिसशिप केलेली नसावी आणि एक वर्षाहून जास्त कामाचा अनुभव नसावा, अशी अट आहे. अनुभव नसणं ही पात्रता ठरते अशी जागा चाकणात दुसरी सापडणं अवघड.

पैसे कमी आहेत, ते मान्यच करायला हवं. 2019 च्या नियमांनुसार पदवीधर अप्रेंटिसला महिन्याला किमान 9,000 आणि डिप्लोमाला किमान 8,000 रुपये विद्यावेतन ठरलं. नॅट्समध्ये या किमान रकमेतला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने विद्यावेतन 36 टक्के वाढवण्याची शिफारस केली. ही सगळी किमान रक्कम आहे, कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही आणि काही कंपन्या देतातही. करारावर कोणता आकडा लिहिलाय, तो बघूनच सही करायची.

या कमी पैशांत मिळतं काय? वर्ष पूर्ण झाल्यावर मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं आणि रोजगार विनिमय केंद्रात ते कामाचा अनुभव म्हणून नोंदवता येतं. 'अनुभव किती?' या रकान्यात शून्याऐवजी एक लिहिता येतो. जो मुलगा दोन वर्षांत चार कंपन्यांत सहा-सहा महिने नुसता ट्रेनी होता, त्याच्याकडे कॅलेंडरची पानं जास्त आणि दाखवायला कागद कमी, अशी अवस्था असते. हिशेब तिथे करायचा.

काही गोष्टी मात्र उघड्या डोळ्यांनी स्वीकाराव्या लागतात. कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. त्याचा पीएफ कापला जात नाही, त्याला ईएसआय लागू नाही. वर्ष संपलं म्हणून कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे असंही नाही. पण सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू असतात आणि कामावर अपघात झाला तर भरपाईचा हक्क असतो. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. ही ओळ लक्षात ठेवावी, कारण डिस्पॅचच्या दिवशी ती सगळ्यात आधी विसरली जाते.

खरी अप्रेंटिसशिप ओळखायची कशी? करार पोर्टलवर नोंदलेला असतो आणि त्याला क्रमांक असतो. 'करार नंतर करू, आधी कामाला लागा' असं कुणी म्हटलं तर तो वर सांगितलेला चौथा प्रकार आहे.

यासारखी राज्याची योजना म्हणजे 2024 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. त्यात पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद झाली. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवली गेली. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी आली, पण तिचं विद्यावेतन महिन्याला 5,000. चाकणमध्ये खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याला ते पुरणं कठीण.

मोठ्या नावाचा मोह

गावाकडे सांगायला मोठ्या कंपनीचं नाव बरं वाटतं. पण लाइनवर थर्ड पार्टी म्हणून उभा असलेला बीकॉम सात महिने एकच नट आवळतो. त्याच वेळी पन्नास-साठ माणसांच्या छोट्या कारखान्यात स्टोअरला लागलेली मुलगी आलेला माल मोजून घेते, चलन आणि पर्चेस ऑर्डर जुळवते, आवक नोंद करते, ई-वे बिल काढते, टॅलीत एंट्री मारते, महिन्याच्या शेवटी जीएसटीच्या कामात अकाउंटंटच्या शेजारी बसते आणि क्वालिटीने परत पाठवलेल्या मालाचं काय करायचं यावर पुरवठादाराशी फोनवर भांडतेही. छोट्या जागी माणसं कमी, म्हणून प्रत्येकाला सगळं करावं लागतं. पहिल्या वर्षी शिकायला याहून चांगली जागा नाही.

छोट्या कारखान्यांचे तोटेही आहेत. पगार उशिरा होतो, पीएफ टाळला जातो, मालकाचा मूड हाच एचआर विभाग असतो. म्हणून लागण्याआधी तिथे काम करणाऱ्या एखाद्याला गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठावं आणि फक्त दोन गोष्टी विचाराव्यात. पगार कितव्या तारखेला होतो, आणि पीएफ भरला जातो का.

जाताना वार बघून जावं. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते. बायोडेटाचा गठ्ठा घेऊन गुरुवारी फिरणारा मुलगा नवा आहे, हे सिक्युरिटीवाल्याला लगेच कळतं.

बायोडेटात अनुभवाच्या जागी काय?

'मेहनती, प्रामाणिक, संघभावना असलेला' हे सगळेच लिहितात, म्हणून ते कुणीच वाचत नाही.

कंपनीच्या मनातले दोन प्रश्न इथे कामाला येतात. टिकेल का? सुट्टीत मेडिकल दुकानात सलग सहा महिने काउंटर सांभाळला असेल, दूध संकलन केंद्रावर नोंदी ठेवल्या असतील, घरच्या भाजीच्या धंद्याचा रोजचा हिशेब पाहिला असेल तर ते लिहायचं. किती महिने, रोज किती तास, काय काम, किती रकमेचा हिशेब. अनेक मुलं हे लाजेने लपवतात. मुलाखत घेणाऱ्याला मात्र त्यातून दिसतं की हा माणूस रोज वेळेवर कुठेतरी जात होता आणि त्याच्या हातात लोकांनी पैसे दिले होते.

शिकवायला किती वेळ लागेल? इथे पदवीपेक्षा हातातलं काम बोलतं. ऑफिसच्या कामासाठी एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्हट टेबल येणं आणि टॅलीत खरेदी-विक्रीची नोंद करता येणं. बीएस्सी किंवा डिप्लोमावाल्याने क्वालिटीकडे जायचं असेल तर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरचं माप अचूक वाचता येणं, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स समजणं, फाइव्ह-एस आणि कायझेन म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगता येणं. महिनाभरात ही तयारी होते. 'येतं' असं लिहिलेलं मात्र खरंच यायला हवं. मुलाखतीत व्हर्नियर हातात देतात आणि समोरच्या पिनचा व्यास विचारतात. तिथे बायोडेटा संपतो.

पैसे मागितले की परत फिरायचं

चौकातल्या एखाद्या जिन्याच्या वर 'जॉब कन्सल्टन्सी'ची पाटी असते. रजिस्ट्रेशन पाचशे, युनिफॉर्म-शूजचे हजार, मेडिकलचे वेगळे, 'जॉइनिंग झाल्यावर पगारातून परत मिळतील.' पैसे दिल्यावर साहेब मीटिंगमध्ये जातात ते परत येतच नाहीत. किंवा खरंच कामाला लावतात, पण ते काम तसंही गेटवर फुकट मिळणारं असतं.

कंत्राटदाराला माणसं पुरवण्याचे पैसे कंपनी देते. उमेदवाराकडूनही मागितले, तर तो दोन्हीकडून घेतोय किंवा त्याच्याकडे कंपनीच नाही. मूळ मार्कशीट ठेवून घेण्याचाही प्रकार चालतो. मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या फक्त झेरॉक्स. ऑफर लेटर मेलवर आलं तर पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का ते बघायचं आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करायची. लेटरमधल्या नंबरवर नाही, तो त्यांचाच असतो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावं, उशीर जितका कमी तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. प्रत्यक्ष फसवणुकीची तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात. चाकण परिसर पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो.

फुकटचे रस्ते आहेतच. राज्याचं महास्वयम् पोर्टल, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे. मेळाव्याला जाताना आलेल्या कंपन्यांची यादी आधी बघून पाच निवडाव्यात. पंचवीस स्टॉलवर बायोडेटा टाकून आलेल्याला सहसा पंचवीस ठिकाणांहून फोन येत नाही.

अठरा हजार म्हणजे हातात किती?

समजा ऑफर आली. 'पगार अठरा हजार.' हा आकडा सीटीसीचा आहे की हातात येणारा, हे विचारायला संकोच करू नये.

एक सरळ हिशेब बघू. एकूण पगार 16,000, त्यातलं पीएफसाठी धरलेलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता 12,000. कंपनीचा पीएफचा 12 टक्के वाटा 1,440 आणि ईएसआयचा 3.25 टक्के वाटा 520. किरकोळ शुल्क सोडलं तर कंपनीचा खर्च झाला 17,960, म्हणजे तुमचे 'अठरा हजार'. आता तुमच्या बाजूने पीएफ 1,440, ईएसआय 0.75 टक्क्याने 120 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात उरतात 14,240. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे, म्हणून त्याच पगारावर मुलीच्या हातात 14,440 येतील. यातून खोलीभाडं, मेस, रिचार्ज आणि घरी पाठवायचे पैसे.

कापले जाणारे पैसे मात्र बुडालेले नसतात. पीएफ तुमच्या खात्यात जमा होतो, ईएसआयमुळे तुमचा आणि घरच्यांचा दवाखाना होतो. 'पीएफ नको, पूर्ण पगार हातात घे' ही ऑफर ऐकायला गोड लागते. पण त्यात कंपनीचे 1,440 जातात आणि तुमच्या अनुभवाचा पुरावाही जातो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्कही त्यातून मिळाला. म्हणून पत्र मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. त्यावर मालक कोण, पद कोणतं, पगार किती आणि नोटीस पीरियड किती, हे चार मुद्दे तपासायचे. नंतर पहिल्या पगाराची स्लिप जपून ठेवायची आणि दोन महिन्यांनी उमंग अॅपवर पीएफ पासबुक उघडून पैसे खरंच जमा होतायत का ते पाहायचं.

सोडतानाही तीच काळजी. एक दिवस अचानक जाणं बंद करून, गावी निघून जाऊन अनेक मुलं पहिला अनुभव स्वतःच पुसून टाकतात. लेखी राजीनामा द्यायचा, नोटीस पूर्ण करायची, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र घ्यायचं आणि पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली का ते बघायचं. कंपनीने ती भरली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती तारीख आधारच्या ओटीपीने स्वतःलाच भरता येते.